वेगेनर यांच्या वाटेने : बर्लिन ते कामारुयुक

सोमवार, बर्लिन

आल्फ्रेड वेगेनर हे नाव भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या कानावर पहिल्याच वर्षी पडते, आणि बहुतेकांच्या लेखी ते एका प्रश्नाच्या उत्तरापुरतेच उरते: खंडवहनाचा, म्हणजे खंड एकमेकांपासून सरकत गेल्याचा, सिद्धान्त कोणी मांडला, कधी मांडला आणि तो तेव्हा का नाकारला गेला. वास्तविक हे गृहस्थ पदवीने खगोलशास्त्रज्ञ, पेशाने हवामानशास्त्रज्ञ आणि ओढीने ध्रुवप्रदेशाचे प्रवासी होते. ज्या कामासाठी त्यांनी चार वेळा ग्रीनलंड गाठले आणि अखेर तिथेच प्राण ठेवला, त्या कामाचा आपल्या पाठ्यपुस्तकांत उल्लेखही नसतो. महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असल्यापासून मनात होते की त्यांची ठिकाणे एकदा क्रमाने पाहावीत. भाचा बर्लिनला नोकरीस असल्यामुळे आरंभ तिथून झाला.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील रिखार्ड धर्मशास्त्राचे जाणकार होते आणि शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. जुन्या बर्लिनचा तो भाग युद्धात आणि नंतरच्या बांधकामांत इतका बदलला आहे की स्प्री नदीच्या कालव्याकाठी उंच इमारतींखेरीज फारसे काही हाती लागत नाही. वालश्ट्रासे या रस्त्यावर मात्र त्यांची शाळा उभी आहे. तिथे आता संगीत शिकवतात, आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. याच शहरातल्या विद्यापीठातून १९०५ साली त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता तेराव्या शतकात कॅस्टीलच्या दहाव्या आल्फोन्सो राजाच्या आज्ञेने तयार झालेली ग्रहांची कोष्टके, जी आजच्या हिशेबाला सोयीची व्हावीत म्हणून त्यांनी नव्या पद्धतीने मांडली. कामाचे कौतुक झाले, पण पुढे त्या शास्त्रात त्यांनी पाऊल टाकले नाही. खगोलशास्त्रज्ञाला एका जागी, एका दुर्बिणीपाशी बसून राहावे लागते, आणि ते या तरुणाला मानवणारे नव्हते.

मंगळवार, त्सेखलिनरह्युटे

बर्लिनच्या उत्तरेला राइन्सबेर्गपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेलो. देवदारासारखी उंच झाडे, त्यांच्यामधून एकाला एक लागून असलेली तळी, आणि मध्ये हे लहानसे गाव. १८८६ साली वेगेनर कुटुंबाने इथे एक जुने घर विकत घेतले आणि मुलांच्या सगळ्या सुट्ट्या इथेच गेल्या. उन्हाळ्यात होडी आणि पोहणे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरचे स्केटिंग, आणि सोबत दोन वर्षांनी मोठा भाऊ कुर्ट. हाच कुर्ट पुढे त्यांचा फुग्यातला सोबती झाला आणि शेवटी त्यांच्या मोहिमेचा वारसदारही.

गावातल्या जुन्या शाळेत त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. दोन तासांत सगळे पाहून होते. ग्रीनलंडमधल्या छायाचित्रांतले वेगेनर चित्रपटातल्या वीरासारखे मुळीच दिसत नाहीत. दाढीत बर्फ, तोंडात पाईप, आणि चेहऱ्यावर साधारण एखाद्या गणिताच्या शिक्षकाचा शांतपणा. भाचा बराच वेळ एका चित्रासमोर उभा राहून म्हणाला, “मामा, हे असे घरात बसणारे वाटतात हो.” मला तसे वाटले नाही, पण वाद घातला नाही.

बुधवार, लिंडेनबेर्ग

बर्लिनच्या आग्नेयेला लिंडेनबेर्गची वेधशाळा आजही जर्मन हवामान खात्याकडे चालू आहे आणि शेजारी हवामानाचे एक संग्रहालय आहे. १९०५ मध्ये वेगेनर इथे साहाय्यक म्हणून रुजू झाले तेव्हा उंचावरची हवा मोजण्याची साधने दोनच होती: पतंग आणि फुगे. पोलादी तारेला बांधलेले पेटीच्या आकाराचे मोठे पतंग उपकरणांसह वर जात आणि खाली तार गुंडाळायला यंत्र असे. आपल्याकडे संक्रांतीला गच्चीवर चक्री धरून बसलेल्या पोराला या कामातली गंमत लगेच कळेल, फक्त इथे पतंग कापायचा नसून तापमान, दाब आणि आर्द्रता यांच्या नोंदींसह सुखरूप उतरवायचा असे.

५ ते ७ एप्रिल १९०६ या काळात आल्फ्रेड आणि कुर्ट यांनी फुग्यातून सलग साडेबावन्न तास उड्डाण केले आणि तेव्हाचा जागतिक विक्रम मोडला. मूळ हेतू विक्रमाचा नव्हता. तरंगत्या फुग्यातून सूर्य-ताऱ्यांचे वेध घेऊन आपण कुठे आहोत हे कितपत अचूक सांगता येते, याची ती चाचणी होती.

हवामानशास्त्राच्या लोकांसमोर वेगेनर यांचे नाव काढले तर त्यांना आधी खंडे नव्हे तर ढग आठवतात. शून्य अंशाखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब आणि हिमकण एकाच ढगात असले तर थेंबांतली वाफ हिमकणांवर जाऊन बसते, हिमकण वाढून जड होतात आणि खाली पडताना पाऊस होतात, ही कल्पना त्यांनी १९११ च्या ग्रंथात सुचवली. पुढे बेर्गेरोन आणि फिंडायझेन यांनी ती पूर्णत्वाला नेली आणि त्या प्रक्रियेला आज तिघांचे नाव आहे.

फुग्यातल्या उड्डाणाच्याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, ते डॅनिश मोहिमेबरोबर प्रथम ईशान्य ग्रीनलंडला गेले. डानमार्क्सहाव्हन इथे त्यांनी हवामानकेंद्र उभारले, दोन हिवाळे पतंग उडवले आणि मोहिमेचे नेते म्युलियस-एरिकसेन यांच्यासह तिघे जण बर्फावरून परत न आलेले पाहिले. ध्रुवप्रदेशात माणूस कसा मरतो हे त्यांना सत्ताविसाव्या वर्षीच ठाऊक झाले होते. पुढच्या सगळ्या गोष्टी वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

शुक्रवार, मारबुर्ग

मारबुर्ग हे डोंगराच्या उतारावर चढत गेलेले विद्यापीठाचे गाव आहे. गल्ल्या इतक्या चढाच्या की गुडघ्यांना त्या लक्षात राहतात. १९०९ पासून वेगेनर इथे हवामान आणि खगोल हे विषय शिकवत होते. पगार असा नव्हताच, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर भागवायचे. खंडवहनाचा विचार या गावात जन्मला म्हणून इथे मुक्काम वाढवला.

१९१० च्या नाताळात एका सहकाऱ्याला भेट मिळालेला नवा मोठा नकाशासंग्रह ते चाळत होते. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात, हे त्यांच्या आधीही अनेकांना दिसले होते. त्यांनी ते एल्झे कोपेन यांना पत्रात लिहिले आणि विषय तिथेच सोडला. एल्झे म्हणजे हवामानाच्या वर्गीकरणामुळे आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून परिचित असलेल्या व्लादिमीर कोपेन यांची कन्या, पुढे वेगेनर यांच्या पत्नी. १९११ च्या शरदात विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक लेख त्यांच्या हाती आला. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सारख्याच प्राण्या-वनस्पतींचे जीवाश्म सापडतात याची त्यात जंत्री होती, आणि स्पष्टीकरण म्हणून समुद्रात बुडालेल्या भूसेतूंची कल्पना होती. वेगेनर यांना ते पटले नाही. खंडांचे खडक हलके आणि सागरतळाचे खडक जड, मग हलके खडक जड खडकांत बुडतील कसे? सेतू बुडाले नसतील, तर जमिनीच एकमेकींपासून दूर गेल्या असतील.

पुढचा वेग पाहिला की थक्क व्हायला होते. ६ जानेवारी १९१२ रोजी त्यांनी फ्रांकफुर्टच्या झेंकेनबेर्ग संग्रहालयात भूशास्त्रज्ञांपुढे हा विचार मांडला आणि चारच दिवसांनी मारबुर्गमध्ये पुन्हा. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि भूशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. माझ्या मते हेच त्यांच्या उपयोगी पडले. डोंगरवाला डोंगर पाहतो, जीवाश्मवाला जीवाश्म पाहतो. हवामानवाल्याला मात्र सगळी पृथ्वी एकदम पाहण्याची सवय असते.

मला स्वतःला त्यांच्या पुराव्यांपैकी सर्वांत बळकट वाटतो तो बर्फाचा, आणि तो आपल्या अंगणातला आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत आणि त्याच्यावर तालचिर नावाच्या हिमनदीच्या गाळाच्या थरांतले गोटे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने आपल्या तळाशी अडकलेले दगड घासत नेले त्याच्या त्या खुणा. तशाच खुणा त्याच काळातल्या दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात आहेत. आजच्या नकाशावर हे बर्फ पसरायचे तर विषुववृत्त ओलांडून अर्धी पृथ्वी झाकावी लागेल, आणि त्याच वेळी युरोप-अमेरिकेत दलदलीतली अरण्ये कोळसा बनत होती याचा मेळ लागणार नाही. जमिनी एकत्र करून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवल्या की कोडे सुटते. कोळशाच्या थरांत सापडणारी ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेसारखी पाने वर्धा खोऱ्यातल्या खाणकामगारांनीही पाहिलेली असतात. तीच पाने दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांत आहेत. वेगेनर यांचेच उदाहरण असे की फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळवावेत आणि मग छापील ओळी आरपार जुळतात का ते पाहावे. ओळी जुळल्या तर तुकडे एकाच पानाचे, याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाही.

डोंगर चढताना भाच्याने विचारले, “इतके सगळे होते तर लोकांनी मानले का नाही, मामा?”

“ओळी जुळत होत्या रे, पण पान फाडले कोणी ते सांगता येत नव्हते.”

वेगेनर यांनी सुचवलेली बले, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ध्रुवांपासून विषुववृत्ताकडे ओढणारे बल आणि भरती-ओहोटीचे बल, खंड हलवण्यास कितीतरी पटींनी अपुरी होती. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड जेफ्रीज यांनी ते गणिताने दाखवून दिले आणि त्यात ते बरोबर होते. १९२६ साली न्यूयॉर्कच्या परिसंवादात अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी सिद्धान्ताची जी संभावना केली तिच्यात मात्र शास्त्रापेक्षा परक्या क्षेत्रातल्या माणसाबद्दलची आढ्यता अधिक होती असे मला वाटते. शिवाय ग्रीनलंडच्या रेखांशांच्या जुन्या मोजणीवरून ते बेट दरसाल कित्येक मीटर पश्चिमेला सरकते असे वेगेनर मानत. प्रत्यक्षात अटलांटिक वर्षाला दोनेक सेंटिमीटरने रुंदावतो. भूकवचाखालच्या प्रावरणातल्या उष्ण खडकांचे अभिसरण हे इंजिन ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी सुचवले ते विशीच्या दशकाच्या अखेरीस, आणि सागरतळाच्या अभ्यासाने सर्वांना गप्प केले ते साठीच्या दशकात.

या सिद्धान्ताचे पुस्तक १९१५ साली निघाले. पहिल्या महायुद्धात ते पायदळाचे अधिकारी होते आणि दोनदा जखमी झाले. त्या सक्तीच्या विश्रांतीत ते लिहिले गेले. पुस्तक अवघ्या ९४ पानांचे होते. मारबुर्गहून फार लांब नसलेल्या ट्रेइसा गावाजवळ ३ एप्रिल १९१६ रोजी भरदुपारी एक उल्का पडली, तेव्हा त्यांनी पाहणाऱ्यांच्या जबान्या गोळा करून ती कुठे पडली असेल याचे गणित मांडले, आणि पुढच्या वर्षी ६३ किलोचा लोखंडी गोळा त्या ठिकाणापासून किलोमीटरभराच्या आत सापडला. साक्षी तपासून अदृश्य मार्ग काढणे ही त्यांची रीतच होती, मग ती उल्का असो वा खंड.

शनिवार, ब्रेमरहाफेन

भाचा बर्लिनला परतला आणि मी उत्तरेला गेलो. इथे १९८० साली, वेगेनर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या नावाने ध्रुवीय संशोधनाची संस्था स्थापन झाली. ‘पोलारश्टेर्न’ हे तिचे बर्फफोडे जहाज बंदरात नव्हते, ते उन्हाळ्यात असतही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये याच जहाजावरून, याच संस्थेबरोबर, दक्षिण अटलांटिकमध्ये लोहाचा प्रयोग केला होता. समुद्रात लोह मिसळले तर शेवाळ वाढून हवेतला कार्बन किती शोषला जातो, हे पाहायचे होते. शोषण अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले.

मंगळवार, कोपनहेगन

विमानाच्या वेळेपर्यंत बंदरावर फिरलो. वेगेनर डॅनिश बोलत आणि ध्रुवप्रवासाची त्यांची पहिली दोन्ही मोठी शिक्षणे डॅनिश माणसांकडून झाली. १९१२-१३ मध्ये योहान पेटर कॉख, विगफुस सिगुर्दसन आणि लार्स लार्सेन यांच्याबरोबर त्यांनी आइसलँडची तट्टे घेऊन ग्रीनलंडच्या हिमचादरीवर हिवाळा काढला आणि नंतर सर्वांत रुंद भागातून बेट पूर्व-पश्चिम पार केले. कॉख हिमभेगेत पडून पाय मोडून घेऊन बसले. वाटेत तट्टे एकामागून एक मारावी लागली, आणि अन्न संपलेले असताना योगायोगाने होडीतून जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाने त्यांना पाहिले म्हणून ते वाचले.

त्यानंतर संसार, हाम्बुर्गची नोकरी, सासरे कोपेन यांच्याबरोबर लिहिलेला भूतकाळातल्या हवामानाचा ग्रंथ. हिमयुगांचा संबंध पृथ्वीच्या कक्षेशी जोडणारी मिलान्कोविच यांची वक्ररेषा त्या ग्रंथात छापली गेली, एवढ्यावरूनही त्याचे मोल कळावे. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. जर्मनीतल्या एकाही विद्यापीठाला तोवर ते सुचले नव्हते. तीन मुली झाल्या. धाकटी लोटे हिचे लग्न गिर्यारोहक हाइनरिख हारर यांच्याशी झाले. नांगा पर्बतच्या मोहिमेवरून परतताना १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि इंग्रजांनी हारर यांना पकडून काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. तिथून पळून पोर्तुगीज गोव्यात शिरावे असा त्यांचा विचार चालला होता, पण पुढे डेहराडूनला हलवल्यामुळे तो बारगळला आणि वाट तिबेटकडे वळली. नगरच्या कोणा जुन्या माणसाने वेगेनर यांचा जावई पाहिला असेल, ही कल्पना मला या प्रवासात पुन्हा पुन्हा गंमतीची वाटत राहिली.

१ एप्रिल १९३० रोजी याच बंदरातून ‘डिस्को’ जहाजावर ते अखेरच्या मोहिमेवर निघाले.

गुरुवार, ऊमान्नाक

नूक आणि इलुलिसात इथे विमाने बदलली. इलुलिसातच्या हिमखंडांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. कार्सुतच्या धावपट्टीवर उतरून हेलिकॉप्टरने ऊमान्नाक बेटावर आलो. हृदयाच्या आकाराचा हजार मीटरांहून उंच असा एकच डोंगर, त्याच्या पायथ्याशी खडकावर चिकटलेली लाल, पिवळी, निळी लाकडी घरे, आणि जुलै असल्यामुळे रात्री न मावळणारा सूर्य.

हिमचादरीवर ७१ अक्षांशाच्या रेषेत पश्चिम किनारा, मध्य आणि पूर्व किनारा अशा तीन ठिकाणी वर्षभर एकाच वेळी हवा मोजायची, आणि बर्फाची जाडी स्फोटाच्या प्रतिध्वनीवरून काढायची, असा १९३० चा बेत होता. मध्यकेंद्राचे नाव ‘आइस्मिट्टे’. किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून ३००० मीटर उंच.

बेत पहिल्याच पायरीवर अडला. त्या वसंतात फ्योर्डमधले, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीतले, बर्फ फुटेना. सगळे सामान, माणसे आणि तट्टे कामारुयुक या उतरण्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर खोळंबली आणि ३८ दिवस वाया गेले. आर्क्टिकचा उन्हाळा मुळात केवढा! त्यातले हे सव्वा महिने पुढे भरून निघाले नाहीत. माझे मत असे की वेगेनर यांच्या मृत्यूचे मूळ नोव्हेंबरच्या थंडीत शोधू नये, ते या मे-जूनच्या वाट पाहण्यात आहे.

गावच्या लहान संग्रहालयात मोहिमेला वाहिलेला एक भाग आहे. तिथल्या बाईंनी मी कुठला म्हणून विचारले, भारतातला म्हटल्यावर इथे कशाला आलो म्हणून विचारले, आणि वेगेनर यांचे नाव ऐकताच प्रथम रास्मुस विलुम्सेनचे नाव घेतले.

शुक्रवार, कामारुयुक

होडी सकाळी निघाली. चालवणारा इथलाच मच्छीमार होता, हॅलिबट मासा हे त्याचे मुख्य उत्पन्न. मारमोरिलिकच्या कड्यावर पांढऱ्या संगमरवरात काळ्या खडकाची पंख पसरलेली आकृती आहे, तिच्यावरून इथल्या शिसे-जस्ताच्या खाणीला ‘काळा देवदूत’ म्हणत. १९७३ ते १९९० पर्यंत ती चालली. खाणीचे तोंड कड्यात सुमारे ६०० मीटर उंचावर असल्यामुळे माणसे आणि खनिज पाळण्यातून फ्योर्ड ओलांडत. तिच्या गाळाने हे पाणी दीर्घकाळ दूषित केले. उत्तरेकडे बोट दाखवून होडीवाल्याने २०१७ च्या जूनमधल्या दरडीविषयी सांगितले. कारात फ्योर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळून लाट उठली, नूगात्सियाकमधले चौघे गेले आणि ते गाव कायमचे रिकामे झाले.

कामारुयुकच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा डासांनी असा हल्ला केला की तोंडावर जाळी ओढल्याशिवाय डोळे उघडता येईनात. हिमनदी आता मागे हटली आहे आणि तिच्या तोंडातून निघणारे पाणी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे सिमेंटच्या रंगाचे दिसते. वाळूत पडलेला एक तळहाताएवढा गोटा उचलला. एक बाजू सपाट घासलेली, तिच्यावर सात-आठ समांतर रेघा, आणि त्यांना तिरकी छेदणारी एक खोल रेघ, म्हणजे ओढला जाताना गोटा एकदा फिरला होता. इरईच्या खडकावर हेच अक्षर आहे. तीस कोटी वर्षांच्या अंतराने, पण लिहिणारा हात तोच.

याच उतारावरून १९३० च्या उन्हाळ्यात आइसलँडची तट्टे, कुत्री आणि माणसे यांनी मोहिमेचे सगळे ओझे सुमारे हजार मीटर वर चढवले. वाट रोज वितळे आणि रोज नव्याने करावी लागे. ३० जुलैला मोहिमेतले हवामानशास्त्रज्ञ योहानेस गेओर्गी यांनी आइस्मिट्टेची जागा गाठून काम सुरू केले. त्यांच्यासाठीचे लाकडी घर आणि बिनतारी संदेशयंत्र मात्र तिथे कधीच पोचले नाही. फिनलंडमध्ये बनवलेल्या, मागे विमानाचा पंखा लावलेल्या दोन इंजिनघसरगाड्यांवर वेगेनर यांची मोठी भिस्त होती. सप्टेंबरच्या ताज्या भुसभुशीत बर्फात त्या अर्ध्या वाटेतच रुतल्या.

दरम्यान आइस्मिट्टेहून गेओर्गी आणि त्यांचे सहकारी एर्न्स्ट झोर्गे यांचे पत्र आले की पुरेसे रॉकेल व सामान २० ऑक्टोबरपर्यंत न पोचल्यास ते पायी परत निघतील. हिवाळ्याच्या तोंडी ४०० किलोमीटर पायी म्हणजे मृत्यू, हे वेगेनर जाणून होते. २१ सप्टेंबरला ते स्वतः निघाले. बरोबर हवामानशास्त्रज्ञ फ्रिट्झ लोवे, १३ ग्रीनलंडवासी आणि १५ कुत्र्यांच्या गाड्या. साठ-एक किलोमीटरवर बहुतेक ग्रीनलंडवासीयांनी पुढे जायला नकार दिला, आणखी काही मजलांनंतर उरलेल्यांपैकी तिघे फिरले. काही जुन्या लेखनात याला त्यांचा कच्चेपणा म्हटले आहे. ते मला मान्य नाही. ज्यांच्या पिढ्या या बर्फाच्या कडेला गेल्या त्यांना ऋतू उलटल्यावर आत जाऊ नये हे कळत होते. राहिला एकटा रास्मुस विलुम्सेन, वय तेविसाच्या आसपास.

वाटेत ओझी टाकत, उणे ५० अंशांखालच्या थंडीत, ४० दिवसांनी तिघे ३० ऑक्टोबरला आइस्मिट्टेला पोचले. ज्यासाठी निघाले ते सामान जवळपास काहीच उरले नव्हते. आणि जे पोचवायचे होते त्याची तशी गरजही उरली नव्हती, कारण गेओर्गी आणि झोर्गे यांनी बर्फात गुहा खोदली होती, रॉकेलचा हिशेब पुन्हा मांडला होता आणि हिवाळा इथेच काढायचा असे ठरवले होते. ते कळवायला साधन नव्हते, इतकेच.

होडीवाल्याला मी हे मोडक्या इंग्रजीत सांगत होतो. तो बराच वेळ ऐकून म्हणाला की गाडी हाकणाऱ्याने कोणते ओझे आधी न्यायचे ते विचारायला हवे होते.

शनिवार-रविवार, ऊमान्नाक

धुक्यामुळे हेलिकॉप्टर नाही. टिपणे पुरी करायला वेळ मिळाला.

लोवे यांच्या पायांची बोटे गोठून मेली होती. गेओर्गी यांनी ती गुहेत खिशातला चाकू आणि पत्रा कापायची कात्री घेऊन, भूल न देता कापली. पाच जणांना पुरेल एवढे अन्न नव्हते. वेगेनर यांनी गुहेचे तोंडभर कौतुक केले, झोर्गे-गेओर्गी यांच्याशी कामाची बोलणी केली आणि १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, विलुम्सेनला घेऊन १७ कुत्र्यांसह पश्चिमेला निघाले. दोघेही किनाऱ्याला पोचले नाहीत. गुहेतल्या तिघांना वाटत राहिले की ते पोचले, आणि किनाऱ्यावरच्यांना वाटले की सगळे आत सुखरूप आहेत. वसंतापर्यंत दोन्हीकडे कोणालाच शंका आली नाही.

१२ मे १९३१ रोजी, किनाऱ्यापासून १८९ किलोमीटरवर, बर्फात उभ्या रोवलेल्या त्यांच्या दोन स्की-पट्ट्या दिसल्या आणि तिथे खोदल्यावर देह सापडला. तो रेनडियरच्या कातड्यावर ठेवून झोपण्याच्या पिशव्यांच्या खोळींत नीट शिवलेला होता. मृत्यू बहुधा तंबूत, अतिश्रमाने हृदय थांबून आला असावा. शिवण्याचे काम विलुम्सेनचे. स्वतः मरणाच्या दारात असताना, गोठलेल्या बोटांनी, त्याने ते केले आणि वेगेनर यांची रोजनिशी घेऊन तो पुढे निघाला. त्याच्या काही मुक्कामांच्या खुणा मिळाल्या, मग त्याही संपल्या. तो आणि रोजनिशी आजवर सापडलेली नाहीत. संग्रहालयातल्या बाईंनी त्याचेच नाव आधी का घेतले, याचा उलगडा याहून वेगळा काय असणार?

ज्या वेधासाठी हे सारे झाले तो वेध मात्र सुटला नाही. गुहेतल्या तिघांनी हिवाळाभर हवेच्या नोंदी चालू ठेवल्या. झोर्गे यांनी सुमारे १५ मीटर खोल खड्डा खोदून थरागणिक बर्फाची घनता मोजली आणि साचत जाणारे हिम कसे दबत जाते याचा नियम काढला, जो त्यांच्या नावाने हिमशास्त्रात आजही वापरात आहे. १९३१ च्या उन्हाळ्यात स्फोटाच्या प्रतिध्वनींवरून आइस्मिट्टेखाली बर्फ अडीच किलोमीटरांहून जाड असल्याचे कळले. कुर्ट वेगेनर यांनी मोहीम ताब्यात घेऊन पुरी केली. लोवे ज्यू असल्यामुळे त्यांना १९३४ मध्ये जर्मनी सोडावा लागला. पुढे त्यांनी मेलबर्न विद्यापीठात हवामानशास्त्राचा विभाग उभा केला आणि बोटे नसलेल्या पायांनी अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत प्रवास केला. एल्झे वेगेनर १९९२ पर्यंत, वयाची शंभर वर्षे गाठून, जगल्या. खंडवहनाच्या विचारातून पुढे आलेले भूपट्टांचे शास्त्र जगाने मान्य केलेले त्यांनी पाहिले.